भरतकामाची उलटी बाजू एआयला का दिसत नाही?

सणासुदीचे दिवस जवळ आले की मोबाइलवर साड्यांची चित्रं फिरायला लागतात. त्यातला एक प्रकार हल्ली फार चालतो: 'गोव्याचा पारंपरिक कशिदा'. लाल चौकडीची साडी, पदरावर रेशमाने भरलेले माड, मधे चर्चचा पांढरा दर्शनी भाग, खाली दोन मासे आणि काठाला मोर. टाके इतके रेखीव की बोट फिरवून पाहावंसं वाटतं. खाली 'आमची संस्कृती, आमचा अभिमान' आणि जोडलेले हात.

यातलं लाल चौकडीचं कापड खरं आहे. ते कुणबी-गावडा बायकांचं लुगडं. आखूड नेसायचं, खांद्यावर गाठ मारायची, म्हणजे शेतात वाकताना पदर आड येत नाही. पण त्याचं सगळं देखणेपण मागावरचं. उभ्या-आडव्या रंगीत सुतांतून चौकडी पडते, वरून सुई लागत नाही. डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास हे विणकाम पुन्हा उभं करायची खटपट केली, म्हणून निदान नाव तरी आज लोकांच्या तोंडी आहे. माड, चर्च आणि मासे मात्र त्यावर कुणी भरत नव्हतं. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे एआयने, आपल्या पदरचं घातलेलं असतं.

यावर 'दिसतंय ना छान, मग बिघडलं काय?' असं विचारणारे खूप आहेत, आणि ते काही अडाणी नाहीत. त्यांना उत्तर द्यायचं तर आधी दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात: हाताने टाका पडतो कसा आणि एआय चित्र काढतं कसं.

टाका म्हणजे नेमकं काय होतं

शाळेत शिवणाच्या तासाला ज्यांनी नमुन्यांची वही भरली, त्यांना धावदोरा, साखळी टाका, देठाचा टाका, गाठीचा टाका ही नावं आठवत असतील. त्यांपैकी सगळ्यात साधा धावदोरा. सुई वर, सुई खाली, की झालं. पण याच धावदोऱ्यातून अनमोड घाटापलीकडे, धारवाड-हुबळीच्या मुलखात, कसूती नावाचं भरतकाम उभं राहिलं.

कसूतीचे मुख्य टाके चार: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपली फुली. नेयगी विणल्यासारखी दिसते, मुरगी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. गवंती जरा जवळून बघू. कापडावर आधी छापा मारायचा नाही, पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. ताणे-बाणे मोजत जायचं. समजा, चार सूत वरून, चार सूत खालून. जाताना चार सुतांचं एक घर भरायचं, पुढचं सोडायचं. टोक आलं की त्याच वाटेने परत फिरायचं आणि सोडलेली घरं भरत यायचं. परत येईपर्यंत रेघ अखंड होते आणि मागच्या बाजूलाही तशीच अखंड रेघ तयार असते. गाठ कुठेच नाही. उलट-सुलट सारखंच.

सरळ रेघेला हे सोपं. पण नक्षी तुळशीवृंदावनाची असेल, तर मधेच फांदी फुटते, कोनाडा येतो, वर मंजिरी येते. प्रत्येक फांदीवर जाऊन परत मूळ वाटेला लागायचं आणि शेवटी जिथून निघालो तिथेच पोचायचं. गंमत अशी की नक्षीच्या रेघा एकमेकींना जोडलेल्या असल्या तर हे नेहमीच जमतं, कारण प्रत्येक रेघेवरून आपण बरोबर दोनदा जातो. गणिताच्या पुस्तकात याची रीतसर सिद्धता आहे. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे काढत आल्या, त्यांना त्या पुस्तकाची गरज पडली नाही. आधी कुठल्या फांदीवर वळायचं, हे त्यांच्या बोटांना ठाऊक.

म्हणजे भरतकाम हा आधी क्रम आहे. कुठून सुरू, कुठे वळण, कधी परत. आपल्याला समोर दिसते ती नक्षी त्या क्रमातून उरलेली असते.

एआय चित्र कसं काढतं

चित्र काढणारं एआय शिकतं ते चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी पाहून. किती चित्रं? २०२२ मध्ये लायन-५बी नावाचा एक उघडा संच आला, त्यात इंटरनेटवरच्या सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णनं होती. गाजलेली काही साधनं अशाच संचांवर तयार झाली.

शिकवण्याची पद्धत थोडी अजब आहे. एक चित्र घ्यायचं, त्यात थोडे ठिपके-कण मिसळायचे, आणखी मिसळायचे, शेवटी जुन्या टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या दिसायच्या तसं काहीतरी उरतं. मग यंत्राला सांगायचं, यातले कण कसे काढायचे ते ओळख. कोट्यवधी वेळा हे केलं की ते कण काढण्यात तरबेज होतं. आता त्याला नुसत्या मुंग्या द्या आणि 'कशिदा काढलेली लाल साडी' असे शब्द द्या. ते त्या मुंग्यांमधून पायरीपायरीने कण काढत जातं आणि शब्दांना जुळेल असं चित्र बाहेर येतं.

आता ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. अंगणात बसून रांगोळी घालणारी बाई आधी ठिपके मोजून मांडते, पंधरा ते एक किंवा नऊ ते पाच, मग रेघा जोडते. समजा एखाद्याने जन्मात ठिपका मांडला नाही, पण अशा रांगोळ्यांचे लाखो फोटो पाहिले. त्याला सांगितलं, काढ. तो कुठली रेघ कुठल्या रेघेशेजारी असते, कुठे वाटोळं येतं, कुठे टोक येतं हे आठवून हुबेहूब काहीतरी रंगवील. ठिपके तो शेवटी देईल, रेघांच्या मधे मधे, शोभेला. लांबून रांगोळी दिसेल. मोजायला बसलात तर डावीकडे सात, उजवीकडे आठ.

चित्र काढणाऱ्या एआयचं भरतकाम असंच होतं. त्याने टाक्याचं दिसणं शिकलेलं आहे, टाक्याचा क्रम शिकलेला नाही. फोटोंत बहुतेक सुलटी बाजूच असते, म्हणून उलट्या बाजूची त्याला कल्पनाच नाही. तिथे कापडच नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. 'बघा, एआयला सात-आठ मोजता येत नाही' या आनंदात राहू नये. नवी साधनं या चुका भराभर सुधारताहेत. वर्षा-दोन वर्षांत नक्षी दोन्हीकडे सारखी येईल. आपला मुद्दा यंत्राच्या चुकांवर उभा असेल, तर चूक सुधारली त्या दिवशी मुद्दाही गेला.

'यंत्रं काय आज आली?'

नाही, आणि हा आक्षेप खरा आहे. फ्रान्समध्ये जोझुए हाइलमान यांनी १८२८ च्या सुमारास एकाच वेळी अनेक सुया चालवणारं भरतकामाचं यंत्र बनवलं. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी भरतकामाचंच शिफ्ली यंत्र आणलं. त्याआधी १८०४ चा जॅकार्डचा नक्षी विणणारा माग, ज्याला नक्षी सांगणाऱ्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची युक्ती पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. म्हणजे संगणकाच्या घराण्यात एक माग बसलेला आहे, हे विसरायला नको.

आज कुठल्याही शहरात 'कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी'ची पाटी दिसते. तिथे चित्र थेट शिवलं जात नाही. आधी त्याची टाक्यांची फाइल बनवतात: सुई या बिंदूवर, मग त्या बिंदूवर, इथे दोरा काप, इथे रंग बदल. पूर्वी हे करायला अनुभवी माणूस लागायचा, आता सॉफ्टवेअर बरंचसं स्वतः करतं.

मग नवीन काय? जुन्या यंत्रांनी हाताचं काम घेतलं. नक्षी कुणाची, कुठली, तिला काय म्हणतात, हे माणसाकडेच राहिलं. कारखानदारालासुद्धा कुठल्या तरी गावची साडी समोर ठेवूनच नक्कल करावी लागे. आता नक्षीही यंत्र देतं आणि त्या नक्षीखाली छापायची दोनशे शब्दांची 'परंपरा'ही तेच लिहून देतं. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या कामाची.

अर्थ कुठे असतो

निलगिरीतल्या तोडा जमातीच्या बायका पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळ्या सुताने भरतात. त्या शालीला पुतकुळी म्हणतात. सणाला ती पांघरतात आणि माणूस गेलं की त्याचा देह पुतकुळीत गुंडाळतात. कर्नाटकात लग्न ठरलेल्या मुलीच्या कपड्यांत कसूती काढलेली काळी चंद्रकळा असायची. पॅलेस्टिनी बायकांच्या झग्यांवरचं फुलीटाक्याचं भरतकाम गावागावानुसार वेगळं असे. १९८७ मध्ये तिथे इस्रायलविरुद्ध उठाव सुरू झाला, झेंडा लावायला बंदी होती, तेव्हा बायकांनी झेंड्याचे रंग आणि देशाचा नकाशा झग्यावरच भरला. २०२१ मध्ये युनेस्कोने या भरतकामाला आपल्या वारसा यादीत घेतलं.

या सगळ्यांत अर्थ आला तो कुणी, कुणासाठी आणि कुठल्या वेळी भरलं त्यातून. तोच लाल-काळा पट्टा हॉटेलातल्या उशीच्या अभ्र्यावर घातला तर पट्टा राहतो, मरणाशी असलेलं नातं राहत नाही. आपल्याकडे बाळाच्या कुंचीवर आजी दोन फुलं काढते. ती फुलं कुठल्याही दुकानातल्या कुंचीवर याहून सुबक असतात. तरी बाळ मोठं झाल्यावर दुकानातली कुंची कामवालीच्या नातवाला जाते आणि आजीची कपाटात राहते.

आता खरी गोम. भरतकाम करणाऱ्या बाईला तुम्ही विचारा, या नक्षीचा अर्थ काय? दहातल्या आठ जणी सांगतील, 'अर्थ कसला? असंच काढतात. आई असंच काढायची.' हे उत्तर ऐकून शहरी माणूस हिरमुसतो. त्याला प्रत्येक बुट्ट्याचा शब्दकोश हवा असतो: हत्ती म्हणजे समृद्धी, कमळ म्हणजे पावित्र्य, नागमोडी म्हणजे नदी. काही नक्ष्यांना असे ठरलेले अर्थ असतातही. कसूतीतलं गोपूर गोपूर असतं, पालखी पालखी असते. पण पुष्कळशा नक्षीचा अर्थ 'आई असंच काढायची' एवढाच, आणि मला तो पुरेसा वाटतो. त्यात शिकवणारी आहे, शिकणारी आहे, दुपारची जेवणं उरकल्यावरचा वेळ आहे.

लिहिणाऱ्या एआयला हे उत्तर देता येत नाही. ते पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज बांधत वाक्य रचतं. त्याच्या पोटात इंग्रजीतले प्रवासलेख आणि दुकानांच्या जाहिराती भरपूर, आणि तिथे प्रत्येक नक्षी कशाचं ना कशाचं 'प्रतीक' असतेच. मराठी-कोकणीतलं लेखन थोडं. बायकांनी ओट्यावर बसून सांगितलेलं तर जवळपास शून्य. मी कुणबी चौकडीचा अर्थ विचारून पाहिला. उत्तर आलं: चौकडी म्हणजे भातशेतीचे बांध, लाल म्हणजे सुपीक माती. वाचायला गोड. दुसऱ्यांदा विचारलं तर चौकडी म्हणजे समाजातली एकी झाली होती. दोन्ही वेळी आवाजात तोच ठामपणा.

हे कुणाच्या घरात राहिलं तर हरकत नाही. पण ते दुकानाच्या पत्रकावर छापलं जातं, तिथून संकेतस्थळावर, तिथून एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पात, आणि तिथून पुढच्या एआयच्या शिकवणीत. आठ-दहा वर्षांनी नातीने आजीला विचारलं तर नात आजीचीच चूक काढील: 'अगं, बांध असतात ते, तुला माहीत नाही.'

'गोव्यात शुद्ध काय आहे, सांगा पाहू?'

कुणीही गोंयकार हा टोला मारणारच, आणि मारावा. क्रोशाचं काम आपल्याकडे युरोपातून आलं, कॉन्व्हेंटांतून घराघरांत पोचलं आणि आज गोव्याच्या हस्तकलांत मिरवतं. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथे धर्मगुरूंची भरतकाम केलेली वस्त्रं ठेवलेली आहेत. जरूर पाहावीत. विधी युरोपचा, पण कामात इथलेपण उतरलेलं दिसतं.

त्याहून मोठं उदाहरण बंगालचं. सोळाव्या-सतराव्या शतकात सातगावच्या कारागिरांनी पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी सुती कापडावर पिवळ्या टसर रेशमाने मोठमोठ्या रजया भरल्या. त्यांवर बायबलमधल्या आणि ग्रीक कथा आहेत, गलबतं आहेत, पोर्तुगीज शिकारी आहेत, आणि सगळी माणसं बंगाली नजरेने पाहिलेली. त्यांतल्या काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. सरमिसळ वाईट असती तर या रजया जन्मल्याच नसत्या.

तेव्हा 'शुद्ध परंपरा वाचवा' हा आरडाओरडा मला पटत नाही. पण सातगावची सरमिसळ आणि एआयची सरमिसळ एक नव्हे. तिथे दोन्ही बाजूंना माणसं होती. गिऱ्हाईक म्हणालं, शिकारी हवा. कारागिराने शिकारी पाहिला नव्हता किंवा अर्धवट पाहिला होता, त्याने आपल्या परीने काढला. भाव ठरला, घासाघीस झाली असणार. दोघांपैकी एकाचं शोषणही झालं असेल, व्यापार होता तो. तरी कारागीर तिथे हजर होता आणि त्याची नजर रजईत उतरली. एआयच्या चित्रात हजारो बायकांचं काम वापरलेलं असतं आणि त्यातली एकही हजर नसते. शिवाय ते सरासरीकडे झुकतं. 'गोवा' म्हटलं की माड, चर्च, मासा. सत्तरी तालुक्यातलं जंगल नाही, तुळस नाही, मखर नाही, कारण फोटो किनाऱ्याचे जास्त.

कायदा कितपत कामाचा

इथे घोडं अडतं, म्हणून थोडक्यात. कॉपीराइट मिळतो तो कर्त्याला, भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. पणजीच्या पणजीपासून चालत आलेल्या नक्षीचा कर्ता कोण? कुणीच नाही, म्हणून ती सगळ्यांची. नवी नक्षी एखाद्या बाईने स्वतः रचली, तर आणखी एक मेख आहे: डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि तिच्या संमतीने ती औद्योगिक पद्धतीने ५० हून जास्त नगांवर उतरवली गेली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. गावातल्या किती बायकांना हे ठाऊक असेल?

दुसरी ढाल भौगोलिक मानांकनाची, म्हणजे जीआयची. कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. एखाद्या प्रदेशामुळे ज्या वस्तूला विशिष्ट गुण किंवा लौकिक मिळाला, तिचं नाव बाहेरच्यांनी वापरू नये, यासाठी तो आहे. गोव्याच्या फेणीला आहे, कसूतीला आहे. पण जीआय राखतो ते मुख्यतः नाव. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या, तेव्हा हीच अडचण आली. कोल्हापुरीला २०१९ पासून मानांकन आहे, पण प्राडाने ते नाव घेतलंच नव्हतं, नुसत्या चामड्याच्या सँडल म्हटलं होतं. बोभाटा झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. ते लोकांच्या ओरडण्यामुळे.

एआयने शिकण्यासाठी फोटो वापरणं बरोबर की चूक, हा वाद तर अजून कोर्टात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. तो बातम्यांचा असला तरी त्यातून जे निघेल त्याचा परिणाम चित्रांवरही होऊ शकतो. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की माणूस कर्ता नसलेल्या चित्राला कॉपीराइट नाही. आपल्या कायद्यात मात्र १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं एक कलम आहे: संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. ते लिहिलं तेव्हा असलं एआय कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग कारागिरांनी एआयला हातच लावू नये का?

का लावू नये? बचतगटातल्या एखादीने रंगसंगती मोबाइलवर आधी पाहून घेतली तर महागडं रेशीम वाया जात नाही. मराठीत बोलून मालाचं इंग्रजी वर्णन करून घेतलं, परदेशी गिऱ्हाइकाच्या निरोपाला उत्तर दिलं, तासांचा आणि दोऱ्याचा हिशेब मांडून घेतला, तर मधला दलाल थोडा बाजूला होतो. हे सगळं मी आनंदाने सुचवीन.

फक्त वर्णन उलट तपासून घ्यावं. आपण न सांगितलेली 'शतकानुशतकांची परंपरा' त्यात शिरली असेल तर ती खोडावी. आणि नक्षी एआयने सुचवलेली, भरलेली हाताने, असं असेल तर तसं लिहावं. ते नव्या काळाचं काम आहे, त्यात कमीपणा नाही.

यंत्रावरच्या स्वस्त कामालाही माझी हरकत नाही. सगळ्यांच्या खिशाला हातचं काम परवडत नाही. हिशेब साधा आहे: समजा एका पदराला ६० तास लागले आणि तासाला फक्त ८० रुपये धरले, तर नुसती मजुरी ४८०० रुपये होते, कापड आणि दोरा वेगळा. शेजारच्या दुकानात 'हँडवर्क' म्हणून हजार-बाराशेला साडी टांगलेली असेल, तर दोनपैकी एक गोष्ट खरी: ते हातचं नाही, नाहीतर कुणाच्या तरी ताटातून काढून घेतलेलं आहे. स्वस्त माल हातचा म्हणून विकतात तेव्हा खऱ्या हाताची किंमत उतरते. सरकारी योजनांतही ही कला मागेच राहते. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, शिंपी आहे, भरतकाम वेगळं मोजलेलं नाही.

विकत घेताना उलटं करून बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, हणजूणच्या बुधवारच्या बाजारात लमाणी बायका आरसे, कवड्या, जुनी नाणी लावलेल्या पिशव्या आणि पट्टे विकतात. त्यांचं मूळ भरतकाम अस्सल आणि जुनं. कर्नाटकातल्या संडूरच्या लमाणी कामाला मानांकनही आहे. पण बाजारातली कुठली पिशवी हातची आणि कुठली घाऊक आणलेली, हे सुलट बाजूवरून भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

पिशवी आतून उलटी करा. यंत्र दोन दोऱ्यांनी शिवतं, वरचा रंगीत आणि खालचा बॉबिनचा, जो बहुतेक वेळा पांढरा असतो. म्हणून मागे सगळ्या रंगांखाली एकच बारीक पांढरा दोरा धावताना दिसतो. बऱ्याचदा कापड ताणू नये म्हणून मागे लावलेल्या कागदी अस्तराचे तुकडेही चिकटून राहिलेले असतात. हातच्या कामात दोरा एकच. पुढे जांभळा तर मागेही जांभळा. एका फुलावरून दुसऱ्यावर उडी मारलेली दिसते, दोरा संपला तिथे तो टाक्यांखाली लपवलेला किंवा गाठ मारलेला असतो. साखळी टाका असेल तर मागे साध्या छोट्या टाक्यांची रेघ दिसते. कसूती असेल तर गवंतीची रेघ मागेही पुढच्यासारखीच हवी.

विकणारीला विचारायलाही लाजू नका. 'मावशी, हे कुणी भरलं?' एवढंच विचारा. खरी कारागीर असेल तर ती 'मी', 'माझ्या जावेने', 'आमच्या तांड्यावर' असं काहीतरी सांगते आणि लगेच एखादा टाका काढूनही दाखवते. ऑनलाइन घेताना उलट्या बाजूचा फोटो मागवा. तो द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

'फोटो टाकले की एआय शिकणारच, मग टाकायचेच नाहीत का?'

महिला मंडळांत हा प्रश्न आता विचारला जातो, आणि त्याला सोपं उत्तर नाही. दाखवलं नाही तर विकलं जात नाही. शिवाय खरी माहिती मागे ठेवली तर इंटरनेटवर माड-चर्च-माशांचीच साडी उरेल आणि उद्या तीच खरी ठरेल. दाखवलं तर नक्कल होते.

माझं मत दाखवण्याकडे झुकतं, पण काय दाखवायचं ते ठरवून. तयार वस्तूचा फोटो टाकावा आणि त्याखाली भरणारीचं नाव तिच्या संमतीने, गाव, टाक्याचं नाव आणि लागलेले तास लिहावेत. नक्षीला ठरलेला अर्थ नसेल तर 'आईकडून शिकले' एवढं लिहावं. घरांची मोजणी, वळणांचा क्रम, आलेखाच्या कागदावर उतरवलेली नक्षी, हे मंडळाच्या वहीत ठेवावं आणि समोर बसून शिकणाऱ्यांना द्यावं. ही वही कुणाकडे राहील, झेरॉक्स कुणाला काढू द्यायची आणि बाहेरच्या डिझायनरने मागितली तर किती पैसे घ्यायचे, हे पहिल्याच बैठकीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. नंतर ठरवू म्हटलं की वही अध्यक्षीणबाईंच्या कपाटात जाते आणि तिथेच राहते.